खळ्यावरचं धान्य घरच्या ताटात येऊ द्या



रब्बी ज्वारीची काढणी आता उरकत आली आहे. कुठे कणसं खळ्यावर पडली आहेत, कुठे मळणीयंत्र येऊन गेलं, पोती शिवून झाली. या दिवसांत आपल्या बोलण्यात दोनच गोष्टी असतात. एकरी उतारा किती पडला आणि बाजारात भाव काय निघाला. मी आज तिसरी गोष्ट विचारणार आहे. यातलं घरात खायला किती ठेवलंत?

हा प्रश्न मी स्वतःसुद्धा कित्येक वर्षं कुणाला विचारला नव्हता. कृषी महाविद्यालयात मला ज्वारीचं एकरी बियाणं किती, पेरणी किती खोल, खोडमाशीचा बंदोबस्त कसा, हे शिकवलं. तेच मी गावोगाव सांगत आलो. मग एकदा एका गावी पीक पाहायला गेलो होतो. ज्वारी झकास आली होती, बारा पोती झाली होती. मालकानं आग्रहानं जेवायला बसवलं. ताटात पांढराशुभ्र भात, बारीक चाळलेल्या पिठाच्या चपात्या. मी म्हटलं, "भाकरी नाही का?" तर घरातल्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, पाहुण्याला भाकरी कशी वाढायची?" पुढे बोलता बोलता कळलं की पाहुण्यालाच काय, घरच्यांनाही भाकरी नव्हती. ज्वारी सगळी बाजारात गेली होती. मुलं सकाळी चहाबरोबर बिस्किटं खाऊन शाळेत जात होती. आणि वहिनींच्या अंगात रक्त कमी म्हणून दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. शेतात बारा पोती ज्वारी, आणि घरच्या डब्यात एका भाकरीचं पीठ नाही! त्या दिवसापासून मी पिकाबरोबर ताटाचीही चौकशी करू लागलो.

ही एकाच घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. धान्य बदललं की हे सगळं आपोआप सुधारेल असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण रोज दोन वेळा पोटात जातं ते धान्य. तेच सत्त्वहीन असेल, तर बाकीच्या गोष्टींनी किती भरून निघणार?

अख्खं धान्य म्हणजे काय?

धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरचं पातळ साल म्हणजे कोंडा, टोकाशी असलेला अंकुर आणि मधला पांढरा पिठूळ गर. दाण्यातले तंतू, लोह आणि 'ब' जीवनसत्त्व यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. गरात मुख्यतः पिष्ट असतं. हे तिन्ही भाग ज्यात शिल्लक आहेत ते अख्खं धान्य. मग ते दळलेलं असो की भरडलेलं. मैदा करताना आणि तांदळाला पॉलिश करताना पहिले दोन भाग काढून टाकतात आणि नुसता गर आपल्या हाती देतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्याकडच्या अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातले थोडे आकडे सांगतो. हे सगळे दर १०० ग्रॅमचे आहेत. मैद्यात तंतू पावणेतीन ग्रॅम, तर गव्हाच्या अख्ख्या पिठात ११ ग्रॅमच्या वर. पॉलिश केलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. ज्वारीत ते सुमारे ४ मिलिग्रॅम आहे आणि बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर. तांदळात चुना, म्हणजे हाडांना लागणारं कॅल्शियम, ७ ते ८ मिलिग्रॅम. नाचणीत ते ३६४ मिलिग्रॅम! जी धान्यं आपण गरिबाची म्हणून बाजूला सारली, त्यांचा हा हिशेब आहे.

या संदर्भात कोंबड्यांची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आयकमान नावाचे एक डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. या रोगात माणसाचे पाय लुळे पडतात. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही तसाच रोग झाला, आणि काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला पॉलिश तांदळाचा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्यानं तो भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला. मग त्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या सुधारल्या. दुखण्याचा उपाय कोंड्यात होता. या संशोधनाबद्दल आयकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आज आपण तोच कोंडा चाळून म्हशीला घालतो. म्हैस धष्टपुष्ट होते आणि घरची बाई फिकट दिसते.

आता करायचं काय? खळं, गिरणी, चाळणी आणि चूल अशी चार ठिकाणं आहेत. या चार ठिकाणी थोडं लक्ष दिलं तर खर्च न वाढवता ताट बदलतं.

पहिलं ठिकाण: खळं

घरचं धान्य खळ्यावरच बाजूला काढा. एकदा गाडीत भरलेलं पोतं परत घरी येत नाही. किती ठेवायचं? हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात दिवसातून एका जेवणाला सात भाकऱ्या लागतात असं धरू. एका भाकरीला सुमारे ८० ग्रॅम पीठ. म्हणजे रोज ५६० ग्रॅम आणि वर्षाला साधारण दोन क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या वीस ते तीस गुंठ्यांत हे निघतं. शिवाय जनावरांना कडबा मिळतो तो वेगळाच. ज्यांनी ज्वारी पेरणंच सोडलं आहे, त्यांनीही येत्या रब्बीत एवढा तुकडा घरासाठी राखावा.

वाण निवडताना जमीन पाहा. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहू जमिनीला फुले वसुधा आणि भारी बागायतीला फुले रेवती. भाकरीच्या चवीसाठी आपली जुनी मालदांडी आहेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बाजरी पेरणाऱ्यांनी खरिपात धनशक्ती या वाणाचा विचार करावा. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून तो आला आहे. त्यात नेहमीच्या बाजरीपेक्षा लोह जास्त असतं. तो संकरित नाही, सुधारित वाण आहे. त्यामुळे घरचं चांगलं बियाणं पुढच्या साली पेरता येतं.

साठवणीचं सांगतो. दाणा दाताखाली कट्कन वाजेपर्यंत कडक उन्हात वाळवा. गार होऊ द्या आणि मगच झाकणाच्या कोठीत भरा. वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. कोठी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आणि एक कळकळीची सूचना. धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांच्या वायूनं झोपलेली माणसं दगावतात.

धान्य दळण्याआधी निवडून घ्या. पावसात भिजून काळी पडलेली, बुरशी आलेली ज्वारी खाण्यात वापरू नका. बाजरीत अरगटाचे काळपट, लांबट दाणे दिसले तर ते काढून टाका. ते विषारी असतात.

दुसरं ठिकाण: गिरणी

पुष्कळ भगिनींची तक्रार असते की भाकरी फाटते, कडवट लागते, मुलं खात नाहीत. बऱ्याच वेळा दोष धान्याचा नसतो, शिळ्या पिठाचा असतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे तिचं पीठ लवकर कडू होतं. म्हणून बाजरी आठवड्यापुरती आणि ज्वारी दहा-पंधरा दिवसांपुरतीच दळून आणा. महिन्याचं दळण एकदम नको.

भात पिकवणाऱ्या भागातल्या मंडळींनी गिरणीवाल्याला आधीच सांगावं, "तूस तेवढं काढा, पॉलिश नको." साध्या हलरमध्ये तूस आणि कोंडा बरोबरच निघतात. रबर रोलरची गिरणी जवळ असेल तर हे काम नीट होतं. असा तांदूळ महिन्याभराचाच करून आणा, कारण कोंड्यातल्या तेलामुळे तो फार दिवस टिकत नाही. कोकणातला उकडा तांदूळही चांगला. भात तुसासकट उकडताना सालातल्या जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्यात मुरतो, आणि नंतर सडला तरी तो शिल्लक राहतो.

तिसरं ठिकाण: चाळणी

इथे तर एक पैसाही लागत नाही. रेशनचा गहू हासुद्धा अख्खं धान्यच आहे, चाळणीत त्याचं सत्त्व जातं. गहू निवडून, पाखडून स्वच्छ करा, म्हणजे पीठ चाळायची गरजच राहणार नाही. किडा-कचऱ्याची शंका असेल तर मोठ्या भोकाची चाळणी वापरा आणि वर राहिलेला कोंडा पाहून परत पिठात मिसळा. कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवली की चपाती मऊ होते.

बाजारातली पाकिटं घेताना मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पुढे 'अनेक धान्यांचं' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं असलं आणि मागे पहिलंच नाव मैद्याचं असलं, तर आपण पैसे मैद्याचेच देतो. मुलगा शाळेत शिकत असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. त्यालाही कळेल.

चौथं ठिकाण: चूल

एकदम सगळं बदलायला जाऊ नका. घरात भांडण होईल आणि पोटही बिघडेल. तंतू हळूहळू वाढवावेत, पाणी पुरेसं प्यावं. दिवसातलं एकच खाणं आधी बदला.

सकाळपासून सुरुवात करू. बिस्किट, टोस्ट, खारी यांच्या जागी आंबील करा. चार चमचे नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवा. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवा. मीठ, जिरं, लसूण घाला आणि वरून आणखी ताक. नाहीतर थालीपीठ करा. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, एक वाटी गहू, एक वाटी हरभरे, अर्धी वाटी उडीद आणि पाव वाटी धने. सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलं की भाजणी तयार. शाळेच्या डब्यातही ते चालतं.

दुपारी भाकरी. ज्यांच्या घरी चपातीशिवाय चालत नाही त्यांनी तीन भाग गव्हात एक भाग ज्वारी किंवा नाचणी घालून दळावं. चपाती नीट लाटता येते आणि कुणाला फरक जाणवत नाही.

रात्री भाताच्या जागी आठवड्यातून दोनदा बाजरीचा खिचडा किंवा ज्वारीच्या कण्या करा. खिचड्यासाठी एक वाटी बाजरी रात्रभर भिजवा, पाणी काढून जाडसर भरडा, अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ आणि पाच वाट्या पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. कण्यांसाठी ज्वारी भरडून आणा, चाळून खाली पडलेलं पीठ आंबिलीला ठेवा आणि कण्या चौपट पाण्यात शिजवून ताकाबरोबर खा. हातसडीचा तांदूळ वापरायचा असेल तर तो तासभर भिजवा. तो शिजायला वेळ जास्त घेतो. पहिले पंधरा दिवस निम्मा नेहमीचा तांदूळ मिसळा, पण हातसडीचा आधी थोडा शिजू द्या आणि मग दुसरा घाला.

सणावाराला लापशी, खपली गव्हाची खीर आणि नाचणीचे लाडू आहेतच. अख्खं धान्य म्हणजे रोजचं पथ्य नव्हे. आपले कितीतरी गोडाचे पदार्थ त्याचेच आहेत.

धान्यातलं लोह अंगी लागावं म्हणून दोन गोष्टी करा. जेवताना लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असू द्या. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. मोड आणल्यानंही लोह शरीरात जास्त मुरतं. नाचणी, बाजरी, गहू यांना मोड आणून, वाळवून, हलकं भाजून दळा. मात्र ज्वारीला मोड आणून खाऊ नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते हे आपण पाहिलेलं आहे. तेच विष तिच्या कोवळ्या मोडात असतं. वाळलेल्या ज्वारीच्या भाकरीत हे भय नाही.

भाकरीला डाळीची जोड हवी. धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं. म्हणून भाकरीबरोबर पिठलं, उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि एक पालेभाजी ठेवा.

दोन वर्षांखालच्या मुलाला कोंड्याचे जाड पदार्थ नकोत. त्याला मोड आणलेल्या नाचणीचं बारीक, वस्त्रगाळ सत्त्व शिजवून द्या, वर थोडं तूप घाला. म्हाताऱ्या माणसांना दात नसतील तर भाकरी दुधात कुस्करून किंवा कण्या मऊ शिजवून द्या. मधुमेह असणाऱ्यांना अख्खं धान्य मैद्यापेक्षा बरं, कारण साखर रक्तात सावकाश उतरते. पण भाकरीनंही साखर वाढते. चारच्या जागी दोनच खाव्यात आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

पुरुष मंडळींसाठी दोन शब्द

भाकरी मागे का पडली याचं एक कारण आपण पुरुष बोलत नाही. सात-आठ माणसांच्या भाकऱ्या धगीपुढे बसून थापणं हे कष्टाचं काम आहे. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईनं तांदळाचं पातेलं चुलीवर ठेवलं, तर तिला नावं ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून ज्वारी घरात ठेवली की काम संपलं असं समजू नका. दर आठवड्याला दळण तुम्ही आणा. धान्य निवडायला हात लावा. भाकरी एकाच वेळेला मागा, दुसऱ्या वेळेला खिचडा किंवा कण्या असू द्या, त्यांना थापणं नाही. आणि घरातल्या बाईचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं, असं होऊ देऊ नका. पाच माणसांचा हिशेब आपण केला तो तिला धरून केला आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाऊन दिवस काढले. घरच्या ज्वारीची किंमत त्यांना ठाऊक होती. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. शहरातली मंडळी आता ज्वारी-नाचणीसाठी दुकानात जादा पैसे मोजतात. ज्यांच्या शेतात ती पिकते त्यांच्याच ताटात ती नसावी, हे बरं नाही.

तेव्हा या साली पोती गाडीत चढवण्यापूर्वी घरात बोलून घ्या. वर्षाला किती लागेल ते घरातल्या बाईला विचारा आणि तेवढं आधी कोठीत भरा. उरलेलं खुशाल बाजारात न्या. आणि पाहुणा आला तर त्याला भाकरी वाढायला लाजू नका. मी आलो तर मला तीच आवडेल.

ध्यानात ठेवा

१. पाच माणसांच्या घरासाठी, एका वेळच्या भाकरीला, वर्षाला दोन क्विंटल ज्वारी खळ्यावरच बाजूला काढा.
२. बाजरी आठवड्यापुरती, ज्वारी दहा-पंधरा दिवसांपुरती दळा.
३. गव्हाचा कोंडा चाळून टाकू नका. तांदळाला पॉलिश करू नका.
४. दिवसातलं एकच खाणं आधी बदला. सकाळच्या बिस्किटांपासून सुरुवात करा.
५. जेवणात लिंबू ठेवा, चहा तासाभरानं घ्या.
६. ज्वारीचे मोड, बुरशी आलेलं धान्य आणि अरगटाचे दाणे खाऊ नका.
७. राहत्या घरात धान्यासाठी विषारी गोळ्या वापरू नका.

एवढं सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.